साल म्हणजे वर्ष नव्हे

(बेंगळुरू येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्याकडे मी लहानपणी दर रविवारी सकाळी मराठी शिकायला जायचो. आमच्या घरात बोलायला मराठी, पण शाळा कन्नड. त्यामुळे निबंध लिहायची वेळ आली की शब्द मराठी यायचे आणि हात कन्नड अक्षरं काढायचा. मास्तर ते वाचायचे, न अडखळता वाचायचे आणि खाली लाल शाईने शेरा मारायचे : अंगरखा शेजाऱ्याचा घातलास, माप चुकलं. आम्ही शिंप्याच्या घरातले, म्हणून ही उपमा. मला तेव्हा राग यायचा. पुढे पन्नासेक वर्षांनी कळलं की हा शेजाऱ्याचा अंगरखा आमच्या घरात माझ्या आधी तीन पिढ्यांपासून वापरात होता.

पत्रिकेवर विषय ‘एका व्हिक्टोरियन कारागिराचा शोध’ असा छापला आहे. व्हिक्टोरियन म्हटलं की आपल्याला कब्बन पार्कातला राणीचा संगमरवरी पुतळा आठवतो. तो १९०६चा, म्हणजे राणी जाऊन पाच वर्षं झाल्यावर बसवलेला. माझा कारागीर राणीच्या हयातीतला. माझे पणजोबा. राहायला पेठेत, शिवणकामाला दंडूत. जुन्या बेंगळूरची ही दोन गावं इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहेत, तरुणांसाठी सांगतो. पेठ म्हणजे चिक्कपेट, नगरथपेट, कब्बनपेट हा जुना किल्ल्यालगतचा बाजार. दंडू म्हणजे इंग्रजी लष्कराची छावणी, १८०९च्या सुमारास वसलेली. १८८१मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य वडियार राजांना परत केलं, पण दंडू स्वतःच्या ताब्यात ठेवला. म्हणजे पणजोबा रोज सकाळी न्याहारी करून राजाच्या राज्यातून राणीच्या राज्यात चालत जात आणि दिवेलागणीला परत येत. कातर, गज आणि दुपारची भाकरी एवढंच सामान.

आता आमच्या घराण्याची कथा. ती तुमच्याही घराण्याची असणार. आम्ही शहाजीराजांबरोबर आलो! बेंगळुरूतल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, उत्तर हेच. आधार भक्कम आहे. १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात व्यंकोजीराजांच्या १६६९च्या दानाचा शिलालेख आहे. शहाजीराजांच्या दरबाराचं वर्णन करणारा जयराम पिंड्यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२२मध्ये संपादून छापला, तेव्हापासून तर आपल्याला छापील पुरावाही मिळाला. फक्त एक अडचण आहे. आज जेवढी घराणी शहाजीराजांबरोबर आल्याचं सांगतात, तेवढी माणसं खरंच आली असती तर त्यांना विजापूरच्या नोकरीत राहायची गरजच पडली नसती.

आमच्या कथेत पणजोबांच्या पणजोबांचे पणजोबा राजांच्या तंबूंचं शिवणकाम बघत असत. लहानपणी मी हे वर्गात सांगितलंही आहे.

पेठेतलं घर वाटणीत विकायला निघालं, तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली उतरली. भावंडांना भांडी हवी होती. मला ट्रंक मिळाली. तिच्यात तीन वह्या, पाच फोटो आणि शिवणयंत्राचं नुसतं डोकं होतं. खालचा पाय आणि चाक कधीच मोडीत गेलेलं.

वह्या घरच्यांनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या असं नाही. एका काकांनी पुण्याच्या एका विद्वान पाहुण्यांना दाखवल्या होत्या. ते म्हणाले, हे कन्नड आहे, मला यातलं काही कळत नाही. मग एका कन्नड प्राध्यापकांना दाखवल्या. ते म्हणाले, अक्षरं वाचता येतात, पण भाषा लागत नाही, बहुधा व्यापाऱ्यांची सांकेतिक असावी. दोघेही खरं बोलत होते. पणजोबांनी मराठी कन्नड लिपीत लिहिली होती. चाळीस वर्षं तो कागद दोन विद्वानांच्या मधोमध पडून राहिला, आणि तो वाचायला लागणारी पात्रता म्हणजे लहानपणी लाल शेरे खाल्लेला मुलगा.

वाचू लागलो आणि पहिल्याच पानावर फसलो. सगळ्यात जाड वही मुळात छापील इंग्रजी डायरी होती. लेट्स या लंडनच्या घराण्याने १८१२पासून छापील डायऱ्या काढल्या, त्या प्रकारची. प्रत्येक पानावर तारीख, वार आणि मुखपृष्ठावर साल १८८९. मी खूश. तारखा तयारच मिळाल्या! दोन महिने मी सगळ्या नोंदी १८८९च्या धरून टिपणं काढली. मग लक्षात आलं की १ जानेवारीला डायरीत छापलाय मंगळवार आणि पणजोबांनी बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलंय शनिवार. पुढच्या पानावरही तसंच. रोजचा वार चुकेल असा शिंपी चार दिवसही धंद्यात टिकणार नाही. पुढे चैत्राच्या पानावर एक शब्द सापडला : विळंबि.

संवत्सरांची नावं आता आपण फक्त गुढीपाडव्याला, तीही पंचांगवाल्या गुरुजींच्या तोंडून ऐकतो. साठ नावांचं चक्र आहे. विलंबी संवत्सर म्हणजे शके १८२०, इंग्रजी १८९८-९९. पण तेच नाव साठ वर्षं आधी १८३८मध्येही होतं, नंतर १९५८मध्येही. एकट्या संवत्सराच्या नावावर विसंबलं तर साठ वर्षांनी घसरायची भीती. म्हणून वार पाहायचा. १ जानेवारी १८९८ शनिवार. जुळलं. म्हणजे कुणा साहेबाने नऊ वर्षांपूर्वी टाकून दिलेली कोरी डायरी शिंप्याने उचलून मापवही केली होती. छापील साल साहेबाचं, लिहिलेला वार शिंप्याचा. ज्यांना घरच्या कागदांचा शोध घ्यायचा आहे त्यांना माझं सांगणं आहे की छापील गोष्टीवर शेवटी विश्वास ठेवा, आधी नाही.

वहीत काय आहे? मनातलं काही नाही. इंग्रजी कारागिरांच्या रोजनिश्यांत हवा, प्रवचन, बायकोचा खोकला असं सगळं येतं. आमच्या पणजोबांना बहुधा आपल्याला मन आहे हे लिहून ठेवण्याची गोष्ट वाटत नसावी. छाती, कंबर, बाही, गळा. इंच आणि पाव इंच. अस्तर काळं. बटणं पितळी, पाच. उधारी किती, जमा किती, रुपये, आणे, पै. गिऱ्हाइकांची नावं त्यांना उच्चारता येत नसावीत. त्यांनी आपली नावं ठेवली आहेत : लांब मान, डावा खांदा उतरता, पोट, नवीन पोट. एका साहेबाची छाती तीन वर्षांत दोन इंच वाढली आणि कंबर पाच. ते माप वाचताना त्या माणसाचं दंडूतलं आयुष्य मला एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त कळलं.

आणि एक नोंद पुन्हा पुन्हा येते. ‘काज ४० मने.’ ‘काज ६५ मने.’ मने म्हणजे कन्नडमध्ये घर. दंडूत कापलेल्या कोटांची काजं करायला पणजोबा ती कापडं रात्री पेठेत, घरी आणत. घरी कोण करत असेल ते सांगायला नको. बाहेरच्या कारागिरांना दिलेल्या कामापुढे मजुरीचा आकडा आहे. मने या शब्दापुढे आकड्याची जागा कोरी. एका वर्षाची बेरीज मी केली, ती चार हजारांवर गेली. पणजीचं नाव तिन्ही वह्यांत कुठेही नाही. नवरा बायकोचं नाव घेत नसे, हे ठीक, लिहितही नसे. आमच्याकडे कुलवृत्तांत छापायची मोठी परंपरा आहे. त्यांतही पाहा, पुरुषाची पदवी, हुद्दा, बदल्या, आणि बायकोचं माहेरचं एक आडनाव. चार हजार काजं कुठल्याच कुलवृत्तांतात मावणार नाहीत.

ऑगस्ट १८९८च्या मध्यापर्यंत वही भरलेली आहे. मग अक्षर घाईचं होतं. मग पानं कोरी. कारण सांगायला इतिहासाचं पुस्तक उघडावं लागत नाही. त्याच महिन्यात हुबळीकडून रेल्वेने बेंगळुरूत प्लेग आला. पेठेतल्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, लोक गावाबाहेर छपरांत राहिले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आधीच आखलेल्या वसाहतींत माणसं राहायला गेली ती त्यानंतर. आज ज्या भागातलं घर कोट्यवधींना विकलं जातं, त्या भागाची पहिली भरती भीतीने केली आहे. बेंगळुरूत प्लेगम्माची देवळं अजून आहेत. आमच्या वहीत मात्र प्लेग हा शब्द नाही. माघात, म्हणजे १८९९च्या सुरुवातीला, पुन्हा नोंदी सुरू होतात, आणि पहिल्या पानावर पाच जुनी गिऱ्हाइकं एका उभ्या रेघेने खोडली आहेत. रेघ पट्टीने मारलेली आहे. एवढंच.

आता फोटो. बेंगळुरूचं फोटोग्राफीशी नातं जुनं. लिनियस ट्राइप नावाचा लष्करी अधिकारी १८५४मध्ये इथे तैनात होता आणि इथूनच त्याने हळेबीड-बेलूरच्या देवळांचे फोटो काढले. पुढे तो मद्रास सरकारचा अधिकृत फोटोग्राफर झाला. पण ते साहेबाचं काम, मोठ्या आकाराचं. सामान्य माणसापर्यंत फोटो पोचला तो छोट्या पत्त्यासारख्या कार्डावर. १८५४मध्ये पॅरिसच्या डिझदेरीने त्याचं पेटंट घेतलं, अडीच बाय चार इंचांचं कार्ड, एका काचेवर अनेक चित्रं, म्हणून स्वस्त. १८६०च्या दशकातच त्याहून मोठं कॅबिनेट कार्ड आलं. कार्डाचे कोपरे टोकदार की गोल, कडेला सोनेरी रेघ आहे का, मागे स्टुडिओचं नाव साध्या टायपात की वेलबुट्टीत, यावरून जाणकार वर्षाचा अंदाज करतात. हे लंडनला चालतं. आपल्याकडे स्टुडिओवाला जुनी कार्डं संपेपर्यंत वापरत असे, म्हणून कार्ड एवढंच सांगतं की फोटो याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो.

आमच्या पाचांतला एक असा कार्डावरचा. पणजोबा एकटे, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे, हात लाकडी कठड्यावर. करडा कोट. आणि त्या कोटाची बाही बोटांच्या पेरांपर्यंत आली आहे. मी त्या बाहीकडे फार दिवस बघत बसलो. स्टुडिओत भाड्याचे कोट ठेवत, हे खरं. गिऱ्हाईक पंचा नेसून आलं तरी फोटोत साहेब व्हायचं. पण शिंपी भाड्याचा बेमापाचा कोट घालून जन्माचा फोटो काढेल? माझा विश्वास बसेना. उत्तर दुसऱ्या वहीत होतं. ‘कोट करडा, साहेब गेले, राहिला.’ गेले म्हणजे विलायतेला की कायमचे, ते लिहिलेलं नाही. खाली माप दिलंय, बाही पणजोबांच्या हातापेक्षा चांगली दोन इंच लांब. माणसाने सबंध आयुष्यात पै-पैचा हिशेब ठेवला आणि एकदाच गिऱ्हाइकाचा माल अंगावर घालून मिरवून घेतलं. मला पणजोबा त्या क्षणापासून आवडू लागले.

दुसरा फोटो दुकानापुढचा, सात माणसं आणि मधोमध स्टुलावर ठेवलेलं शिवणयंत्र. माणसं बाजूला आणि यंत्र मध्यभागी, नवरदेवासारखं. याचं वर्ष ठरवायला कार्डाने मदत केली नाही, ती ट्रंकेतल्या डोक्याने केली. सिंगर कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर क्रमांक कोरलेला असतो. १९००च्या आधीचे क्रमांक नुसते आकड्यांचे, १९००पासून आकड्यांआधी अक्षर येऊ लागलं. आमच्या डोक्यावर अक्षर आहे. म्हणजे फोटो १९००नंतरचा, आणि प्लेगने खोडलेल्यांतलं कुणी त्यात नाही.

इथे मला एका दुसऱ्या कारागिराची गोष्ट सांगायची आहे. अल्बर्ट पेन हा इंग्लंडमधला मुलगा १८४९मध्ये जन्मला, मिसरूड फुटायच्या वयात मद्रासला निकोलस बंधूंच्या फोटो स्टुडिओत कामाला आला आणि पुढे उटीला स्वतःचा स्टुडिओ काढून निलगिरीतली माणसं, चहाचे मळे, साहेबांच्या शिकारी टिपत राहिला. १९२४मध्ये वारला. त्याच्याच घराण्यातले ख्रिस्तोफर पेन यांनी या विसरलेल्या माणसाचा शोध घेत वर्षं घालवली आणि विखुरलेले फोटो जमवून निकोलस बंधूंवर आणि पेनवर २०१४मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. दुकानदार फोटोग्राफर, राजा नाही, सेनापती नाही, आणि तरी पानापानांवर वर्षं, पत्ते, नातीगोती.

ते पुस्तक चाळताना मला कौतुक वाटलं आणि थोडी असूयाही. कारण पेनच्या मागे सगळं सरकारी दप्तर उभं होतं. मद्रास इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्या अजून आहेत, मद्रासच्या खंडांना ‘एन/२’ असा क्रमांक आहे, आणि बेंगळूरचा दंडूही त्यातच येतो. शिवाय विलायतेतली जनगणना नावासकट जपलेली असते आणि शंभर वर्षांनी लोकांना उघडी होते. १९२१ची २०२२च्या जानेवारीत उघडली. तिथल्या खाटकाचा पणतू घरबसल्या खाटकाचं वय, धंदा, गाव काढू शकतो. आपल्याकडेही १८७१पासून माणसं मोजली, मोजून झाल्यावर बेरजा ठेवल्या आणि नावांचे कागद टाकून दिले. माझे पणजोबा म्हैसूर संस्थानाच्या कुठल्यातरी बेरजेत आहेत. ते बेरजेतून परत काढता येत नाहीत.

या शहरात मराठी नावांचे चौक आहेत. आनंदराव सर्कल, माधवराव सर्कल. दोघेही दिवाण. दिवाणांचा पत्रव्यवहार सरकार जपतं. शिंप्याचा पत्रव्यवहार कोण जपणार? शिंप्याने स्वतः जपला तर जपला.

तरी अगदीच काही नाही असंही नाही. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गाव आणि पिढ्या यांनुसार नोंद असते. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने सूक्ष्मफिती करून घेतल्या. आणि बेळगाव, कोल्हापूर, धारवाड भागात हेळवी आहेत. हेळवी बैलावर बसून दारात येतो, तुमच्या सात पिढ्या धडाधडा म्हणतो, धान्य घेऊन जातो. पण या सगळ्यांची पहिली अट एकच, तुमचं मूळ गाव कोणतं? शहाजीराजांचा तंबू हे उत्तर तिथे चालत नाही.

मूळ गाव मला तिसऱ्या, सगळ्यात जुन्या वहीत मिळालं. आतल्या पुठ्ठ्यावर एक ओळ : ‘साल १२ शहापूर.’

मी वाचलं, वर्ष बारावं, शहापूर. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. बारा वर्षांचा पोर, शहापुरातून निघालेला, अनवाणी, बगलेत बोचकं. मी त्यावर एक हळवा लेख लिहिला आणि आमच्या एका पुतणीच्या लग्नात जेवणानंतर तो वाचूनही दाखवला. बायकांनी डोळे पुसले. सुदैवाने लेख छापला नाही.

मल्लेश्वरमला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, कन्नड शिकवायच्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात, मीही. एका संध्याकाळी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, ओळ वाचली आणि हसल्या. ‘काय हो, तुम्ही इतकं शिकलात, आणि साल म्हणजे वर्ष समजलात? कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. बारा रुपये कर्ज, शहापूरला देणं.’

बारा वर्षांचा अनवाणी पोर तिथल्या तिथे वारला. त्याच्या जागी एक देणेकरी उभा राहिला. मग मी पुन्हा वही लावली आणि पाहतो तर महिन्या-दोन महिन्यांनी एक नोंद येतेच : मनिऑर्डर १, शहापूर. टपालखात्याने मनिऑर्डर १८८०मध्ये सुरू केली, म्हणजे वही त्यानंतरची. बाराव्या मनिऑर्डरपुढे पुठ्ठ्यावरच्या ओळीवर काट मारली आहे, तीही पट्टीने.

ही गोष्ट सांगताना मला इथल्या बड्या क्लबातली वही आठवते. विन्स्टन चर्चिल १८९६ ते १८९९ या काळात घोडदळातला तरुण अधिकारी म्हणून याच दंडूत होता. क्लबाच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर तेरा रुपये येणं होतं, ते शेवटी बुडीत खात्यात टाकलं. क्लब ती वही आजही अभिमानाने दाखवतो. आमच्या पणजोबांची वही दाखवायला मला आज पहिल्यांदा सभागृह मिळालं आहे.

शहापूर म्हणजे बेळगावला चिकटलेलं शहापूर, हे मनिऑर्डरच्या दुसऱ्या एका नोंदीवरून पक्कं झालं. इंग्रजी अमलात बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानाचं. मागांचं, साड्यांचं गाव. विणकर, रंगारी, शिंपी यांची दाट वस्ती. १८८२मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि १८९०च्या आसपास पुणे, बेळगाव, हुबळी, बेंगळूर ही गावं रुळांनी जोडली गेली. आमचं घराणं घोड्यावर बसून आलं नव्हतं. तिकीट काढून आलं असावं, किंवा रूळ पोचायच्या आधी बैलगाडीने. तिकिटाचे पैसे उसने घेऊन.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. घरात पिढ्यान्‌पिढ्या आजी-काकू सांगत असणार, आम्ही शहापूरहून आलो. शहापूर, शहापूर म्हणता म्हणता कुणाच्या तरी तोंडात त्याचे शहाजी झाले. गावाचा राजा झाला. चुलतभावाला मी हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, ‘तुझा शोध तुझ्याजवळ ठेव बाबा, धाकटीचं लग्न व्हायचंय.’

मी शहापूरला गेलो. आमच्या घराण्याचा हेळवी शोधायला दोन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या खेपेला भेट झाली. त्याने पोथी सोडली, नावं म्हटली, आणि पणजोबांच्या नावापुढे कन्नडमध्ये दोन शब्द वाचले : ‘दंडिगे होद.’ शब्दशः अर्थ, सैन्यात गेला. चुलतभावाला कळवलं तर त्याचा ऊर भरून आला. ‘बघ, सैन्यात! मी सांगत नव्हतो?’ कन्नडमध्ये सैन्यालाही दंडू आणि आपल्या कॅन्टोन्मेंटलाही दंडू. मी त्याला दुसरा अर्थ अजून सांगितलेला नाही. टीचरांनी सांगू नका म्हणून बजावलंय.

हेळव्याला मी पणजीचं नाव विचारलं. त्याने पोथी खालवर पाहिली. मग म्हणाला, ‘लेकींची नावं नवऱ्याच्या हेळव्याकडे, सुनांची माहेरच्या हेळव्याकडे.’ माहेर आम्हाला ठाऊक नाही. नात्याचे शब्दही इथे गोंधळ करतात. वहीत ‘मामा’ हा शब्द सहा वेळा येतो. आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल, सासऱ्याला मामंजी म्हणायची चाल, आणि कन्नडमध्ये मामा आणि सासरा दोघांना मिळून एकच शब्द, मावा. ते सहा उल्लेख आईच्या भावाचे की बायकोच्या बापाचे, यावर आमची पणजी अडली आहे.

घरोघरचे कागद शोधणारे आपले थोर नाव म्हणजे राजवाडे. त्यांच्या ऐतिहासिक कागदपत्रांचा पहिला खंड १८९८चा, म्हणजे आमच्या कोऱ्या पानांच्याच वर्षातला. ते घरोघर माळे धुंडाळत फिरले, वाण्याच्या पुड्यांपासून दप्तरं वाचवली. त्यांच्या शोधातल्या घरांना बहुतेक सनदा होत्या, वतनं होती. आपल्या घरांत सनद नाही, मापवही आहे. ती रद्दीत टाकायला कुणालाच अपराधी वाटत नाही.

म्हणून मास्तरांच्या नावाने चार कामं सांगतो आणि थांबतो. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे आज रात्री मऊ शिसपेन्सिलीने, कार्डाच्या कडेला, हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो. फोटो लॅमिनेट करू नका. आमचा एक दुकानात देऊन केला, आता त्याच्या आतला पिवळेपणा वाढतोय आणि प्लास्टिक सोडवता येत नाही. फोटोत बायका असतील तर त्यांची माहेरची नावं आधी लिहा, पुरुषांची कुठून तरी मिळतील. आणि कुठली वही कुणालाच वाचता येत नसेल तर ती भलत्या लिपीतली तुमचीच भाषा आहे का ते बघा. इथल्या घरांत मोडी, कन्नड, तेलुगू, तमिळ, सगळे अंगरखे मराठीने घातलेले आहेत.

दुकानापुढच्या त्या फोटोची मोठी प्रत बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. सात माणसांतल्या सहांचा पत्ता लागलाय. डावीकडून तिसरा माणूस एकटाच खुर्चीवर बसला आहे, आमचे पणजोबा त्याच्या मागे उभे आहेत, आणि त्याची पगडी म्हैसुरी नाही. चहा घेऊन जाताना सगळ्यांनी एकदा बघा. कुणाच्या घरी हाच चेहरा असेल तर माझा नंबर कार्यकर्त्यांकडे आहे.